जागल्याची आठवण किती दिवसांची?

आज मी कवितेवर बोलणार नाही. एका पेटीवर बोलणार आहे. मिठाईच्या किलोभराच्या डब्याएवढी ही काळी पेटी हल्ली पुष्कळ घरांत कपाटावर बसून बारीक घरघरत असते. घराभोवती लावलेल्या कॅमेऱ्यांची चित्रं ती साठवून ठेवते. बाजारात तिला एनव्हीआर म्हणतात, म्हणजे नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर. ती घेताना आपण काय पाहावं हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत एका दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली. म्हणून हे सांगणं.

भद्रावतीत आमच्या घरी मुलाने चार कॅमेरे बसवून घेतले. एक फाटकावर, एक छपरीत, एक मागच्या अंगणात, एक गल्लीकडे. आमचं बजेट बेताचं. दुकानदाराने चित्र किती स्वच्छ दिसतं ते मोबाइलवर दाखवलं, आम्ही खूश झालो आणि सर्वांत स्वस्त पेटी घेऊन घरी आलो. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आम्ही आठ दिवस नागपूरला गेलो. परत आलो तर छपरीत ठेवलेली पाण्याची मोटर गायब. जळालेली होती, वाइंडिंगला द्यायची म्हणून काढून ठेवली होती. मिस्त्रीला विचारावं तर त्याचा फोन बंद.

शेजारपाजारचे जमले. रोज पहाटे फाटकातून आत येणारा माणूस कोण? तर दूध टाकणारा मुलगा. वय सोळा-सतरा. कोणी थेट नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या बोलण्याचं टोक त्याच्याकडेच वळलं. मग एक जण म्हणाला, ‘‘अहो, कॅमेरे आहेत ना, पाहून टाका.’’ मुलाने पेटी टीव्हीला जोडली. पेटीत फक्त पाच दिवसांचं चित्रण होतं. त्याआधीचं तिने स्वतःच पुसून त्यावर नवं लिहिलं होतं. आम्ही घर सोडलं ते पहिले दिवस कुठेच नव्हते. त्या मुलाने हे सगळं फाटकाशी उभं राहून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

तीन आठवड्यांनी मिस्त्री आला, खांद्यावर आमची मोटर घेऊन. मीच त्याला फोनवर तीनदा म्हटलं होतं, येऊन घेऊन जा. तो आला तेव्हा घराला कुलूप होतं, म्हणून बुटकं फाटक ओलांडून मोटर घेऊन गेला आणि पुढे गावी अडकून पडला. चोरी झालीच नव्हती.

मी मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. वडील काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘भाऊ, कॅमेरा त तुमच्याच घरी होता ना?’’ मला उत्तर देता आलं नाही.

बी.ए.ला इतिहास हा माझा एक विषय होता. त्या दिवसानंतर मी या पेटीचा इतिहास शोधू लागलो. तो थेट गावगाड्यापर्यंत मागे जातो.

कॅमेऱ्याआधी गावात जागल्या होता. वेशीवर वेसकर होता. पेशवाई बुडाल्यावर, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा एक अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराचं काम तपशिलाने सांगितलं आहे. रात्री पहारा द्यायचा, कोण आलं कोण गेलं ते पाहायचं, परक्या माणसाची वर्दी पाटलाला द्यायची, आणि गावातल्या प्रत्येक माणसाचा स्वभाव ठाऊक ठेवायचा. चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली, की याचं काम संपलं. पुढचा माग त्याने काढायचा. ज्या गावात माग शेवटी थांबला त्या गावाने नुकसान भरून द्यायचं. आधी राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे, आणि उरलेलं साऱ्या गावाने.

यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की पाहणाऱ्यावर जबाबदारी होती. चुकला तर त्याच्या पदराला खार लागे. दुसरी ही की तो माणसं ओळखत होता. त्यामुळे चोर कोण हे सांगणं जसं त्याचं काम होतं, तसं ‘हा नव्हे’ हेही त्याला सांगता येत होतं.

अर्थात हा काही सुवर्णकाळ नव्हता. राखणीचं हे ओझं महार, रामोशी, भिल्ल अशा समाजांच्या डोक्यावर वतन म्हणून लादलेलं होतं. गाव राखणाऱ्याला गावाबाहेर राहावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते या वेठबिगारीतून महारांची सुटका व्हावी म्हणून. आणि इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा कितीतरी जमाती जन्मानेच संशयित ठरल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखण केली त्यांच्यावरच पहारा बसला. संशय नेहमी खालच्या बाजूला वाहतो. आमच्या गल्लीतही तो त्याच बाजूला वाहिला होता.

आता यंत्राकडे येऊ. बंद तारेवरून चित्र पाठवून दूर बसून पाहायचं, याचा पहिला नावाजलेला वापर १९४२ चा. जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटं उडवण्याच्या चाचण्या चालत. जवळ उभं राहणं जिवावरचं, म्हणून वॉल्टर ब्रूख या इंजिनिअरने कॅमेऱ्याची व्यवस्था केली. पण तो कॅमेरा फक्त पाहत होता. त्याला आठवण नव्हती. समोर बसलेल्या माणसाची पापणी लवली की ते दृश्य गेलं.

घरासाठी हा विचार प्रथम केला तो एका नर्सने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या कृष्णवर्णीय बाईंच्या कामाच्या वेळा अवेळीच्या, वस्तीत गुन्हे फार, आणि बोलावलं तर पोलीस वेळेवर येत नसत. त्यांनी पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रं, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, आत खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, मदत मागायचं बटण आणि दार उघडायचं बटण. २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं. घराच्या कॅमेऱ्याची सुरुवात श्रीमंतांच्या बंगल्यातून झाली नाही, रात्री घरात एकट्या असणाऱ्या एका नोकरदार बाईच्या भीतीतून झाली, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आठवण आली ती फितीमुळे. अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये चित्र साठवणारं यंत्र आणलं, पण ते दूरचित्रवाणी केंद्रांनाच परवडणारं होतं. १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट आली आणि व्हीसीआर घराघरात गेला. बँका, दुकानं यांनी त्याच कॅसेटवर सावकाश, तुटक चित्रण करून एकेक दिवस बसवायला सुरुवात केली. कॅसेट रोज बदलायची. बदलणारा विसरला की जुन्या दिवसावर नवा दिवस छापला जाई. म्हणजे माझ्या घरी जे झालं ते नवीन नाही.

पुढे फितीच्या जागी संगणकाची हार्ड डिस्क आली आणि डीव्हीआर तयार झाला. त्याला जाड वायरीने जोडलेले ॲनालॉग कॅमेरे लागत. १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने संगणकाच्या जाळ्याला थेट जोडता येणारा कॅमेरा काढला. हा कॅमेरा स्वतःच चित्राचे आकडे करून पाठवतो. असे कॅमेरे ज्या पेटीला जोडतात ती एनव्हीआर. २००३ मध्ये एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेण्याचं मानक ठरलं, त्याला पीओई म्हणतात. आणि २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश व सोनी या तीन कंपन्यांनी ऑनव्हिफ नावाची संघटना स्थापली. उद्देश हा की एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या पेटीशी बोलू शकावा. बेताच्या बजेटवाल्याला याचा मोठा आधार आहे. कॅमेरा आणि पेटी दोन्हींवर ऑनव्हिफ असेल तर उद्या एक कॅमेरा बिघडला म्हणून सगळं सामान बदलावं लागत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांनी रात्रीचा कॅमेरा घराआधी जंगलात पाहिला. ताडोबाकडे जाणाऱ्या माणसाला झाडाला बांधलेली ती पेटी ठाऊक असते. भारतात फ्रेडरिक चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने १९२० च्या दशकातच वाट अशी बांधली होती की वाघाचा पाय तारेला लागला की वाघ स्वतःच आपला फोटो काढे. पुढे १९९० च्या दशकात उल्हास कारंथांनी कर्नाटकात नागरहोळेला पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची मोजणी बसवली. २०१८-१९ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. फोटो निघाले ३ कोटी ४८ लाखांहून अधिक. त्यांतले वाघांचे किती? ७६,६५१. बाकी गवत, हरणं, गुरं, माणसं. घरचंही तसंच. हालचाल झाली तरच नोंद कर, असं पेटीला सांगता येतं आणि जागा वाचते; पण कडुलिंबाची फांदी, गल्लीतलं कुत्रं आणि भिंगावरचं कोळ्याचं जाळं यांनाही पेटी पाहुणाच समजते. म्हणून माणूस आणि फांदी यांतला फरक ओळखणारी पेटी किंवा कॅमेरा थोडा महाग असला तरी घ्यावा.

आता मूळ प्रश्न. पेटीची आठवण किती दिवसांची? हा हिशोब दुकानदार सांगत नाही, पण शाळेतल्या गणिताने करता येतो. चार मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६४ या २००३ मधल्या पद्धतीने सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो असं धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट, चारांना १७३. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये साधारण हजार गिगाबाइट मावतात. भागाकार करून पाहा, सहा दिवससुद्धा होत नाहीत. आमची पेटी खोटं बोलली नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं.

२०१३ मध्ये एच.२६५ ही पद्धत आली. तिच्यात तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसतं. पेटी आणि कॅमेरा दोघांनाही ती येत असेल, तर तेच चार कॅमेरे दोन टेराबाइटवर २३ दिवस आणि चार टेराबाइटवर ४६ दिवस आठवण ठेवतात. लग्नाला गेलेलं कुटुंब परत येऊन, संशय घेऊन, शांत होऊन, मिस्त्रीची वाट पाहीपर्यंत ती पुरते. म्हणून पैसे कमी असतील तर चित्राच्या स्वच्छतेवर थोडं कमी आणि डिस्कवर थोडं जास्त खर्च करावं. डिस्क साध्या संगणकाची घेऊ नये. चोवीस तास लिहीत राहण्यासाठी वेगळी डिस्क मिळते. पेटी किती मोठी डिस्क स्वीकारते आणि सगळ्या कॅमेऱ्यांचे मिळून किती मेगाबिट आत घेते, हे दोन आकडे खोक्यावर वाचावेत. आज चार कॅमेरे असतील तर आठ चॅनेलची पेटी घ्यावी. केबल अस्सल तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे विचारावं. दुसरी स्वस्त पडते, पण लांब अंतरावर तिच्यातून कॅमेऱ्याला पुरेशी वीज पोचत नाही.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे ऊन. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. पत्र्याखाली किंवा बंद कपाटात कोंडलेली पेटी त्यात किती तापेल याचा विचार करावा. तिला वारा लागेल पण चोराच्या हाती लागणार नाही अशी जागा हवी. टीव्हीखाली ठेवलेली पेटी चोर टीव्हीबरोबरच नेतो. वीज गेल्यावर ती चालू राहावी म्हणून इन्व्हर्टरवर घ्यावी. आणि घड्याळ तपासावं. वीज जाऊन-येऊन काही पेट्यांची तारीखच चुकते. मग चित्र असतं, पण ते कोणत्या दिवसाचं हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

ही वेळ किती मोलाची, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल यांनी आक्षेप घेतला की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की यंत्रातल्या नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र हवंच. इथे ते प्रयत्न करूनही अधिकाऱ्यांकडून मिळालं नव्हतं, म्हणून उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची ही अट आहे. म्हणजे घटना घडली तर मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यावर विसंबू नये. मूळ पेटी जपावी आणि नोंद पुसली जाण्याआधी पोलिसांना कळवावं.

त्याच वर्षी, २ डिसेंबर २०२० रोजी, परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितलं आणि त्यांचं चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायला सांगितलं. नुसते कॅमेरे बसवा एवढं न्यायालय म्हणालं नाही. आठवण किती दिवसांची, हेही ठरवून दिलं. कारण कोठडीत मार खाल्लेला गरीब माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार करेलच असं नसतं. दुबळ्याला बोलायला वेळ लागतो. पेटीने तोवर थांबायला हवं.

पण नुसती लांब आठवणही बरी नव्हे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या संगणकी किड्याने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. युक्ती साधीच होती. लोकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नव्हता. त्याच पेट्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास ठप्प केल्या. आपल्या सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून तपासणीचं प्रमाणपत्र बंधनकारक झालं. तेव्हा घेताना ते विचारा, आणि घरी आल्याबरोबर पासवर्ड बदला. घराबाहेरून पाहायची गरज नसेल तर पेटीला इंटरनेट जोडूच नका.

माझी अम्मी कोणाच्या दारात गेली की दार ठोठावून बाजूला सरकून उभी राहायची. दार उघडल्याबरोबर आपली नजर थेट आत जाऊ नये म्हणून. आमच्यात तसा रिवाजच आहे. हे आठवलं तेव्हा मी गल्लीकडचा कॅमेरा पाहिला. त्यात समोरच्या घराचं न्हाणीघराचं दार दिसत होतं. दोन वर्षं दिसत होतं. मी त्याच दिवशी कॅमेऱ्याचं तोंड खाली वळवलं.

आमच्या घरी सांगतात की माणसाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते असतात, किरामन कातिबीन. एक चांगलं लिहितो, एक वाईट. शेजारच्या घरी चित्रगुप्ताची वही सांगतात. या दोन्ही दफ्तरांना जागेची मर्यादा नाही. माणसाच्या दफ्तराला आहे. आपलंच गाव घ्या. भद्रावतीचं जुनं नाव भांदक, रेल्वे स्टेशनवर अजून तेच लिहिलेलं आहे. इथे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट सापडला. शके ६९४, म्हणजे इ.स. ७७२. एका दानाची ती नोंद साडेबाराशे वर्षं टिकली, कारण कोणीतरी ठरवलं की हे टिकलं पाहिजे. आम्ही ठरवलंच नाही, म्हणून पाच दिवसांत पुसलं गेलं.

आता आमच्या पेटीत चार टेराबाइटची डिस्क आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी सर्वांत जुना दिवस उघडून पाहतो, घड्याळ तपासतो. बाहेरगावी जाण्याआधी पाहतो, आल्यावर पुन्हा पाहतो. चोर पकडण्यासाठी म्हणून आपण ही पेटी घेतो. माझं आता एवढंच म्हणणं आहे, की चोर नसलेल्या माणसाला सोडवता येईल इतके दिवस तरी ती जागी राहावी.

दूध आता दुसरा माणूस टाकतो. तो मुलगा पलीकडच्या वस्तीत जातो. रस्त्यात भेटला की सायकल थांबवून ‘सलाम, चाचा’ म्हणतो. आमच्या फाटकाशी मात्र तो पुन्हा थांबलेला नाही. पेटीत शेहेचाळीस दिवसांचं सगळं आहे, त्यात तो नाही.